गणपतीआधी बंद घर उघडताय? केरसुणी शेवटी हातात घ्या

पहाटे कणकवलीला गाडीतून उतरायचं, रिक्षा करून वाडीत पोचायचं, गंजलेल्या कुलपात दोन थेंब खोबरेल सोडून दार उघडायचं आणि चहासुद्धा न घेता केरसुणी हातात घ्यायची. गणपतीच्या तीन-चार दिवस आधी कोकणातल्या असंख्य बंद घरांत हेच चालतं. मीही कितीतरी वर्षं तेच केलं. कामं सगळी बरोबरच असतात, त्यांचा क्रम चुकतो.

मे महिन्यात कुलूप लावलेलं घर पावसाळाभर रिकामं राहत नाही. मळ्यात पाणी तुंबलं की बिळं बुडतात आणि शेतउंदीर, घुशी कोरडी जागा शोधत घराकडे वळतात. आपण पोचतो तोवर माळ्यावर, कणगीच्या बुडाशी, गाद्यांच्या घड्यांत त्यांचा संसार जुना झालेला असतो.

आपण घाबरतो चाव्याला. उंदीर क्वचित चावतो, मुततो मात्र जाईल तिथे. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो, या तापाचा जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात मुक्काम ठोकून असतो. त्यांना त्याचा काही त्रास होत नाही, आणि मुतावाटे तो बाहेर पडत राहतो. ओल्या मातीत, साचलेल्या गोड्या पाण्यात तो कित्येक आठवडे टिकू शकतो. आपल्या अंगात शिरायला त्याला टाचेची भेग, नखाजवळचं सालपट, डोळा, नाक किंवा तोंड पुरतं.

लेप्टोचा जंतू सुकला की मरतो, मग कोरडं झाडलं तर काय बिघडलं, असं मला एकानं विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. पण श्रावण-भाद्रपदात कोकणातल्या बंद खोलीत खरोखर सुकलेलं काय असतं? शिवाय लेंड्यांच्या धुळीत साल्मोनेलासारखे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, घरट्यांत पिसवा असतात. अमेरिकेत बंद केबिन झाडताना उडालेल्या धुळीतून हंता विषाणू फुफ्फुसात जाऊन माणसं दगावली आहेत. तेव्हा धूळ उडवायची नाही, एवढं धरून पुढे चला.

टप्पा १ : मुंबईतून निघण्यापूर्वी

सामान इथूनच घेऊन जा. गणपतीच्या आदल्या दिवशी बाजारात रबरी मोजे मिळतील या भरवशावर राहू नका.

- कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे, माणशी एक जोडी आणि वर एक जास्तीची
- गमबूट. घरात काम करायचं म्हणून चप्पल चालत नाही
- एन-९५ मास्क आणि साधा प्लॅस्टिकचा चष्मा
- झाडांना पाणी मारायचा हातपंप, ज्यातून बारीक शिंतोडा हळू पडतो
- जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं, फेकून देता येतील अशा चिंध्या
- ब्लीचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या भाषेत टीसीएल, हवाबंद डब्यात
- कपड्यांची पावडर, टॉर्च, लांब काठी

टीसीएलबद्दल एक गोष्ट. गेल्या वर्षीची उघडी पुडी घरात पडलेली असेल तर तिच्यावर विसंबू नका. दमट हवेत तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि हाती राहतो नुसता चुना. डबा उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास आला नाही, किंवा पावडरीचे ओले गोळे झाले असतील, तर नवी घ्या.

आता अंगाची तयारी. आदल्या रात्री पाय धुऊन टाचा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात नीट पाहा. भेगा असतील, चिखल्या झाल्या असतील, बोट कापलेलं असेल, तर तिथे पाणी न शिरणारी पट्टी लावा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. कुटुंबात कोणी गरोदर असेल, लहान मुलं असतील, कोणाला मधुमेहामुळे पायाला जखम असेल, तर त्यांनी साफसफाई झाल्यावरच घरात यायचं. तोवर शेजारच्या काकीकडे चहा.

सावधान: लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन ती घ्या, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. पण ती मनानं दुकानातून आणायची नाही. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना वेगळं औषध देतात. गावी मळ्यात उतरायचं असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

टप्पा २ : दार उघडा आणि बाहेर या

पुढचं-मागचं दार आणि हाताला लागतील त्या खिडक्या उघडा, आणि अर्धा तास खळ्यात बसा. पंखा लावू नका. तीन महिन्यांची धूळ त्याच्या पात्यांवर असते आणि पहिल्या फेरीत ती सगळी डोक्यावर येते.

खिडक्या उघडायला आत शिराल तेव्हा टॉर्च आणि काठी हातात असू द्या. उंदीर जिथे, तिथे त्याच्या मागावर धामण येते, आणि कधी नाग किंवा मण्यारही. रचलेली लाकडं, पोत्यांची चळत, चुलीमागचा कोपरा इथे हात घालण्याआधी काठी घाला. उंदरांच्या रोगाला लक्षणं दाखवायला काही दिवस तरी लागतात. मण्यार तेवढी वाट पाहत नाही.

टप्पा ३ : पाहणी, हात न लावता

अर्ध्या तासानं मोजे, बूट, मास्क, चष्मा चढवून आत या आणि नुसतं पाहा. कुठे काय आहे हे कळलं नाही तर तुम्ही स्वच्छ खोलीत घाण तुडवत न्याल.

लेंड्या सांगतात पाहुणा कोण आहे. पिटुकल्या उंदराची लेंडी जिऱ्यापेक्षा थोडी मोठी, टोकदार. घरउंदराची तांदळाच्या दाण्याहून मोठी, जराशी वाकडी. घुशीची त्याहून जाड, आणि सोबत भिंतीच्या बुडाशी उकरलेल्या मातीचा ढीग. काळी, ओलसर, चकाकणारी लेंडी ताजी. राखाडी, दाबली की भुगा होणारी जुनी. (चिमट्यानं दाबा, बोटानं नव्हे.) भिंतीच्या कडेनं तेलकट काळसर पट्टा दिसला तर तो त्यांचा रोजचा रस्ता.

चिचुंद्री मात्र उंदीर नव्हे. ती कीटक खाणारी वेगळ्या कुळातली, चिकचिक आवाज करत भिंतीकडेनं पळणारी. म्हणून तिची घाण सोवळी असं समजू नका. हंताच्या कुळातला एक विषाणू १९६४ साली वेल्लोरला सापडला तो चिचुंद्रीतच. साफसफाईचे नियम तिला तेच.

तपासा: उंदीर अजून घरात आहेत की पावलं फक्त जुनी, हे ओळखायचं असेल तर रात्री दाराशी, ओट्याखाली, माळ्याच्या शिडीजवळ पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर चाळणीनं पसरा. सकाळी पावलं आणि शेपटीची रेघ उमटलेली दिसते. याहून स्वस्त तपासणी नाही.

टप्पा ४ : द्रावण

एक लिटर पाण्याला १५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे जेवणाचा मोठा चमचा सपाट भरून एक. दहा लिटरच्या बादलीला १५० ग्रॅम. प्लॅस्टिकची बादली घ्या. आधी थोड्या पाण्यात पावडर कालवा, मग उरलेलं पाणी ओता. लाकडी काठीनं ढवळा आणि अर्धा तास स्थिर राहू द्या. चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी हातपंपात भरा, नाहीतर पंपाचं तोंड बुजेल आणि फरशीवर पांढरे डाग पडतील.

द्रावण रोज ताजं करा. कालची बादली आज उपयोगाची नाही.

सावधान: टीसीएलच्या पाण्यात दुसरं काहीही मिसळायचं नाही. संडास धुवायचं ॲसिड तर अजिबात नाही. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीत तो श्वास कोंडतो. “दोन औषधं एकत्र केली की जास्त चांगलं साफ होतं” हा समज किती घरांत आहे ते पाहून मी थक्क झालो आहे.

टप्पा ५ : मेलेला उंदीर दिसला तर

शेपटीला धरून परड्यात भिरकावू नका. पंपानं त्याच्यावर आणि भोवतालच्या हातभर जागेवर द्रावण मारा, दहा मिनिटं थांबा. मग पिशवी हातमोज्यावर उलटी चढवा, पिशवीतूनच उंदीर उचला, पिशवी सुलटी करत गाठ मारा आणि ती दुसऱ्या पिशवीत घाला. घरट्याच्या चिंध्या, कुरतडलेला कापूसही याच रीतीनं उचला. विहिरीपासून आणि व्हाळापासून लांब, कुत्रा उकरणार नाही असा दोन-तीन फूट खोल खड्डा करून पुरा.

एक मेलेला उंदीर ही साफसफाईची बाब. विष न घालताच चार-सहा उंदीर एकदम मेलेले दिसले, किंवा शेजारच्या घरांतही पडत असतील, तर मात्र हात लावू नका. दार ओढून घ्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवं गरम अंग शोधतात, आणि प्लेग असाच माणसात येतो. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात १९९४ साली माणसांना गाठी येण्याआधी घरांत उंदीर मरून पडत होते.

टप्पा ६ : भिजवा, थांबा, पुसा

मधला शब्द सगळे गाळतात. फवारा मारला की लगेच फडका फिरवतात. द्रावणाला काम करायला दहा मिनिटं द्या, घड्याळ लावून.

क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी न्हाणी, कारण संध्याकाळी तुम्हाला स्वतःला तिथेच धुवायचं आहे. मग माळा. मग भिंतीतली फडताळं आणि कपाटं, मग स्वयंपाकघराचा ओटा, आणि शेवटी जमीन, आतल्या खोलीकडून दाराकडे मागे सरकत. खालची खोली पुसून झाल्यावर माळ्यावर चढलात तर फळ्यांच्या फटींतून सगळं पुन्हा खाली येतं. माळा करायला वेळच नसेल तर तो तसाच सोडा, पण खालून ताडपत्री बांधा आणि विसर्जनापर्यंत कोणालाही वर जाऊ देऊ नका. अर्धवट उपसलेला माळा हा न उपसलेल्या माळ्यापेक्षा वाईट.

माळ्यावरच्या वस्तू खाली भिरकावू नका. माणूस वर, माणूस खाली, वस्तू हातातून हातात. आमच्याकडे एका वर्षी मखराचे पुठ्ठे वरून सोडले, आणि मधल्या पोकळीतलं आख्खं घरटं पिलांसकट खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यावर रिकामं झालं. तो मास्कशिवाय होता आणि वर पाहत, तोंड उघडं ठेवून सूचना देत होता.

लेंड्या भिजल्या की वर्तमानपत्रानं किंवा चिंधीनं गोळा करून पिशवीत टाका, मग जागा पुन्हा द्रावणानं पुसा. केरसुणीची पाळी येते ती सगळं पुसून, वाळून झाल्यावर. पाण्याचा जोरदार पाइप मारू नका, त्यानं तुषार उडतात. व्हॅक्यूम क्लीनर तर डब्यातच राहू द्या.

जिन्नस निरनिराळे, उपाय निरनिराळे:

शेणाने सारवलेली जमीन. इथे टीसीएल जवळजवळ वाया जातं, कारण शेणामातीत क्लोरीन लगेच खर्च होतो. लेंड्या भिजवून उचला, वरचा पोपडा पाणी शिंपडून फावड्यानं खरवडा, बाहेर पुरा आणि जमीन नव्यानं सारवा. सारवताना हातमोजे घाला. उघड्या हातानं सारवण्याची सवय मला कळते, पण गुरांच्या मुतातूनही लेप्टो येतो, आणि बोटांना भेगा असतातच.

तांब्या-पितळेची भांडी, समया, देव्हाऱ्यातल्या मूर्ती. टीसीएलनं धातू काळवंडतो. साबणाच्या गरम पाण्यानं धुवा, मग नेहमीप्रमाणे चिंचेनं घासा, पूर्ण वाळवा. चुलीवर चढणारी भांडी उकळत्या पाण्यातून काढा.

गणपतीचा चौरंग आणि पाट. साबणाच्या पाण्यानं दोनदा, आणि ऊन निघालं तर ऊन. रंग जाईल म्हणून नुसत्या कोरड्या फडक्यानं पुसून त्यावर नैवेद्य ठेवणारी घरं मी पाहिली आहेत.

गाद्या, गोधड्या. गादीत घरटं असेल तर गादी गेली, जीव अडकवू नका. गोधड्या-चादरी गरम पाण्यात कपड्यांच्या पावडरीत तासभर भिजवून धुवा. नेताना छातीशी कवटाळून नेऊ नका, पिशवीत घालून न्या.

तांदूळ, कुळीथ, कोकमं. डब्याचं झाकण कुरतडलेलं असेल, पोत्याला भोक असेल, धान्यात लेंडी असेल, तर ते टाकायचं. पाखडून, धुऊन, ऊन दाखवून वापरायचं नाही, कोंबड्यांनाही घालायचं नाही. घरचा तांदूळ टाकताना जीव तुटतो हे मान्य.

टप्पा ७ : पाणी

टाकीत किंवा पिंपात पावसाळाभर राहिलेलं पाणी ओतून टाका, आतून द्रावणानं घासा, दोनदा धुवा.

विहिरीचं पाणी तीन महिने न उपसलेलं असतं. उंदीर तरंगताना दिसला तर आधी तो गाळणीनं काढा, मग पंप लावून जमेल तेवढं पाणी उपसा. नंतर टीसीएल. मात्रा १,००० लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीतलं पाणी मोजायची सोपी रीत अशी: व्यासाचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५. मापं मीटरमध्ये घ्या, उत्तर लिटरमध्ये येतं. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ९ × ४ × ७८५, म्हणजे सुमारे २८,००० लिटर, आणि टीसीएल सुमारे ७० ग्रॅम. अंदाजानं अर्धा डबा ओतणारे आणि चिमूटभर टाकणारे, दोघेही चुकतात. पावडर बादलीत कालवून, निवळून, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घ्या. ती बादली दोरानं पाण्याखाली सोडून हिसके देत वरखाली करा, म्हणजे द्रावण नीट मिसळतं. रात्री टाकलं तर सकाळपर्यंत पाण्याला हात लावू नका. निदान एक तास तरी जाऊ द्या. पिण्याचं पाणी तरीही उकळा.

टप्पा ८ : स्वतःला उतरवणं

दिवसभर सांभाळलेलं इथे पाच मिनिटांत घालवतात. मोजे काढले, कपाळावरचा घाम पुसला, डोळे चोळले, मग बूट हातानं ओढले.

खळ्यातच उभे राहा. बूट आणि मोजे अंगावर असतानाच द्रावणानं धुवा. मग बूट काढा, मग चष्मा, मग मोजे आतली बाजू बाहेर करत, आणि मास्क अगदी शेवटी, मागच्या रबरला धरून. हात साबणानं धुवा. कपडे थेट बादलीतल्या गरम पाण्यात. मग आंघोळ, आणि त्यानंतरच विडी, तंबाखू, पान, चहा. तंबाखू मळणाऱ्यांना मी मुद्दाम सांगतो, कारण तळहात ते तोंड हा तुमचा रस्ता इतरांपेक्षा फार जवळचा आहे.

तपासा: अंघोळीनंतर अंगावर नवं खरचटलेलं काही आहे का? असेल तर साबणानं खळखळून धुवा आणि आजची तारीख लक्षात ठेवा. उंदीर चावलाच असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं दहा-पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हळद-चुना भरून फडकं बांधू नका.

टप्पा ९ : पुन्हा शिरू नयेत म्हणून

गणपतीच्या तोंडावर उंदीर मारायचा नाही, असं पुष्कळ घरांत पाळतात. त्यावर वाद घालायला मी जात नाही, कारण मारण्यापेक्षा वाट बंद करणं जास्त टिकतं. पेन्सिल शिरेल एवढ्या भोकातून पिटुकला उंदीर येतो, अंगठा शिरेल एवढ्यातून मोठा. दाराखालची फट, न्हाणीची मोरी, वायर आत येते ते भोक, भिंत आणि कौलांमधली पोकळी, या चार जागा आधी पाहा. सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालून भोकं बुजवायची जुनी रीत चांगलीच आहे. मोरीला जाळी लावा. नुसता कापडाचा बोळा कोंबणं म्हणजे त्यांना घरट्याचं सामान पुरवणं.

सापळा लावायचा तर स्प्रिंगच्या चापाचा लावा, भिंतीला काटकोनात, खोबऱ्याचा तुकडा अडकवून. चिकट गमचे पुठ्ठे आणू नका. अडकलेला उंदीर भेदरून तासन्‌तास तिथेच मुतत, हगत राहतो, आणि जी घाण टाळायची तीच वाढते. पिंजऱ्याचंही तसंच. वर पिंजरा व्हाळात बुडवून आणतात, न धुता पुन्हा ओट्याखाली ठेवतात. त्याच व्हाळात खालच्या अंगाला पोरं डुंबत असतात.

विषाबद्दल थोडक्यात. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर चार-सात दिवसांनी मरतो, म्हणजे चतुर्थीच्या आधी वड्या टाकल्यात तर गौरी जेवायला बसतील तेव्हा भिंतीतून वास येईल. झिंक फॉस्फाईडची काळी पूड ओलाव्यात विषारी फॉस्फीन वायू सोडते. माणसं झोपतात त्या घरात ती नकोच.

परत निघताना गाद्या दोरीवर टांगा, धान्य पत्र्याच्या कोठीत किंवा घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा, आणि देवाजवळचा साखरेचा दाणासुद्धा मागे सोडू नका.

टप्पा १० : मळा, रान, पाणंद

घर झालं की माणसं बाहेर पडतात. मळ्यात गवत काढायला उतरायचं तर गमबूट घाला. “काय एक होवचा नाय” म्हणून अनवाणी उतरणारी काकी वर्षभर त्याच चिखलात असते. मुंबईहून गेलेली, टाचांना भेगा पडलेली आपली पावलं वेगळी, आणि खरं सांगायचं तर लेप्टो काकीलाही सोडत नाही.

माटवीसाठी, म्हणजे गणपतीवर बांधायच्या चौकटीसाठी, कवंडळ, तेरडे, हरणाची फुलं आणायला रानात जाता, तिथला धोका निराळा. झुडपांच्या बुडाशी माइट नावाचे बारीक किडे असतात, आणि त्यांची पिल्लं उंदरांच्या अंगावर पोसतात. जेमतेम दिसणाऱ्या या पिल्लांच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा ताप होतो. विदर्भात, नागपूरकडे, २०१८ च्या पावसाळ्यात त्याचे बरेच रुग्ण सापडले होते. पूर्ण बाह्या, पायजम्याचे पाय मोज्यांत खोचलेले, गवतावर बसायचं नाही, कपडे काढून झुडपावर टाकायचे नाहीत. परतल्यावर गरम पाण्यानं अंग घासून आंघोळ. (दोडामार्गकडचा माकडताप हा गोचिडीचा, आणि मुख्यतः हिवाळा-उन्हाळ्याचा. काजूच्या हंगामात जाणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.)

टप्पा ११ : परतल्यावर ताप आला तर

माझा चुलतभाऊ एका वर्षी विसर्जनानंतर डोंबिवलीला परतला आणि दहाव्या दिवशी तापानं पडला. अंग दुखतंय, पोटऱ्यांना हात लावू देईना. डॉक्टरांनी विचारलं, “बाहेर कुठे गेला होता का?” तो म्हणाला, “नाही, गावी गेलो होतो.” त्याच्या लेखी गाव म्हणजे बाहेर नव्हे. चार दिवस साध्या विषाणूजन्य तापाच्या गोळ्यांत गेले. डोळे पिवळे झाले तेव्हा कोणाला तरी मळ्याची आठवण झाली. बरा झाला, पण डायलिसिसपर्यंत जाऊन.

लेप्टोची लक्षणं संसर्गानंतर २ ते ३० दिवसांत दिसतात, बहुतेकांना ५ ते १४ दिवसांत. तोवर आरत्या, प्रसाद, परतीचा प्रवास सगळं होऊन गेलेलं असतं आणि उंदीर कोणाच्या डोक्यात नसतो. एकाएकी चढलेला ताप, सणकून डोकं, पोटऱ्या आणि कंबर दाबवू न देण्याइतक्या दुखणं, डोळे लाल पण चिपडं नाहीत, हे दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. लघवी कमी होणं, डोळ्यांत पिवळेपणा, धाप, थुंकीत रक्त यांपैकी एक जरी दिसलं तर थेट मोठं रुग्णालय.

डॉक्टरांसमोर हे वाक्य पाठ म्हणा: “अमुक तारखेला कोकणात बंद घर साफ केलं, उंदरांची घाण होती, अमुक तारखेला मळ्यात उतरलो.” रानात गेला असाल तर तेही सांगा, आणि काख, जांघ, कंबरपट्ट्याखाली, कानामागे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली आहे का ते घरीच पाहून ठेवा. ती स्क्रब टायफसची खूण, आणि दुखत नसल्यामुळे रुग्णाला ठाऊकही नसते.

इथे होणाऱ्या चुका:

ताप उतरवायला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनानं घेणं. लेप्टोत मूत्रपिंड आधीच धोक्यात असतं आणि या गोळ्या त्यावर ताण टाकतात. डॉक्टर भेटेपर्यंत पॅरासिटामॉल, तेही मापात.

पहिल्या तीन-चार दिवसांत रक्ततपासणी केली, लेप्टो नाही असं आलं, म्हणून निर्धास्त होणं. प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर लागू शकतो. डॉक्टरांना संशय असेल तर ते अहवालासाठी न थांबता उपचार सुरू करतात. त्याला हरकत घेऊ नका.

पिवळे डोळे पाहून काविळीचं झाडपाल्याचं औषध घ्यायला जाणं. साध्या काविळीत डोळे पिवळे होईतो ताप बहुधा ओसरलेला असतो. ताप आणि पिवळेपणा एकत्र असतील तर ते प्रकरण वेगळं समजा आणि वाट वाकडी करू नका.

सुरू केलेलं औषध दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडणं. हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

घर उघडलं तो दिवस आणि मळ्यात किंवा रानात शेवटचं पाऊल टाकलं तो दिवस, अशा दोन तारखा मुंबईतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. दुसऱ्या तारखेपासून तीस दिवस मोजून तिथे फुली मारा. त्या फुलीच्या आत घरात ज्याला कोणाला ताप येईल, त्यानं डॉक्टरांकडे जाताना त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्यावा.